स्मार्ट घराचं सेन्सर-जाळं शिकवायचंय: बोर्ड कुठला घ्यावा, सुरुवात कुठून करावी?

तारेवरची_कसरत

नमस्कार मंडळी. लूप, फंक्शन वगैरे येतं, पण ब्रेडबोर्डला कधी हात लावलेला नाही, अशा मुलांच्या तुकडीसाठी एक अभ्यासक्रम आखते आहे. तिघांच्या गटाने एकेक नोड (सेन्सर जोडलेला एक बोर्ड) बांधायचा. कुणी तापमान-आर्द्रता, कुणी दाराचा रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा), कुणी हालचाल टिपणारा पीआयआर, कुणी उजेडासाठी एलडीआर. सगळे नोड वायफायवरून एकाच एमक्यूटीटी ब्रोकरशी (टॉपिक या पत्त्यावर आलेला संदेश तो मागणाऱ्यांना पोचवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम) बोलतील आणि वर्गखोली हेच आमचं स्मार्ट घर.

प्रत्येक गटाने आपापलं छोटं घर बांधण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकच, हे मुद्दाम ठरवलंय. स्वतःपुरतं चाललं की मुलं हात झटकून मोकळी होतात. आपला दिवा दुसऱ्या गटाच्या दारावर अवलंबून असला की टॉपिकचं नाव काय, आकडा सेल्सिअसमध्ये की कच्चा, दार उघडं म्हणजे १ की ०, यावर भांडावं लागतं. माझ्या मते शिकण्यासारखं जे आहे ते त्या भांडणातच आहे.

बोर्डांचा माझा हिशोब असा. आर्डुइनो ऊनो धसमुसळेपणा सहन करतो, पण रॅम २ केबी आणि जुन्या ऊनोवर वायफाय नाही. ईएसपी८२६६ला वायफाय आहे, पण ॲनालॉग पिन एकच. ईएसपी३२मध्ये दोन कोअर, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ. २०२२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको डब्ल्यूही चांगला आहे आणि मायक्रोपायथनसाठी सुटसुटीत. माझा कौल ईएसपी३२कडे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: भिंतीतल्या विजेला काहीही जोडायचं नाही. दिवा म्हणजे एलईडी आणि पंखा म्हणजे ५ व्होल्टचा. त्यावर कृपया वाद नको.

विचारायचं हे, की ईएसपीहोमसारखं (सेटिंगच्या फाइलीवरून बोर्डाचा कोड आपोआप बनवणारं) तयार काही वापरावं की कोड मुलांनीच लिहावा? ब्रोकर इंटरनेटवरचा की वर्गातलाच? आणि काही नोड बॅटरीवर चालवण्याचा घाट घालावा का?

खटपट्या

ईएसपी३२ला +१. पण पिनांचा नकाशा पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा, नाहीतर वेळ नुसत्या शोधाशोधीत जाईल. जीपीआयओ (बोर्डाच्या क्रमांकित पिना) ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप (पिन मोकळी असताना तिला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. कोडमध्ये पुल-अप लिहिला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. मग रीड स्विच ३४ वर लावलेल्या गटाचं दार कुणी हात न लावता उघडझाप करत बसतं. तो इनपुट लोंबकळत असतो, जवळून हात फिरवला तरी बदलतो. बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर लावा किंवा पिन बदला.

दुसरं, वायफाय चालू असताना एडीसी२ (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) गटातल्या पिनांवर ॲनालॉग वाचता येत नाही. एलडीआर जीपीआयओ ३२ ते ३९ मध्येच ठेवा. गंमत अशी की वायफायशिवाय लिहिलेला कोड २५ किंवा २६ वर झकास चालतो आणि वायफायचा भाग जोडला की गप्प होतो. आणि बूट होताना जीपीआयओ १२ वर ३.३ व्होल्ट असतील तर चिप फ्लॅश मेमरीसाठी १.८ व्होल्ट धरते आणि बोर्ड उठतच नाही.

केबलींचं वेगळंच. फक्त चार्जिंगच्या, डेटाच्या तारा नसलेल्या यूएसबी केबली आधीच वेचून बाजूला काढा. बारीक तारेच्या लांब केबलीही. वायफाय प्रसारणाच्या क्षणी चिप २०० मिलीअँपिअरच्या वर ओढते, तिथे व्होल्टेज बसतं आणि सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने यूएसबीवरून पाठवलेला मजकूर दाखवणारी खिडकी) ब्राउनआउटचा संदेश येऊन बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. मुलं कोड तपासत बसतात, दोष केबलीत.

ओहमशांती

मी थोडा उलट्या बाजूने. पहिले दोन वर्ग वायफाय नकोच. सेन्सर जोडा, आकडा सिरियल मॉनिटरवर बघा आणि त्या आकड्याशी ओळख होऊ द्या. हाताशी जुने ऊनो असतील तर त्यावरच. एडीसी १० बिटांचा असला तरी सरळ वागतो. ईएसपी३२चा १२ बिटांचा, म्हणजे ० ते ४०९५ दाखवणारा, पण दोन्ही टोकांना सपाट होतो. अगदी कमी व्होल्टेजला शून्यच दाखवतो आणि ३.१च्या पुढे अडकून बसतो. एलडीआरचा व्होल्टेज डिव्हायडर पहिल्यांदा शिकताना ही भानगड मध्ये नको. फक्त ऊनोवरून ईएसपीवर येताना बजावून सांगा: इथे ५ व्होल्ट पिनेला लावायचे नाहीत. अल्ट्रासॉनिक एचसी-एसआर०४च्या इको पिनेतून ५ व्होल्ट येतात, तिथे व्होल्टेज उतरवायला दोन रेझिस्टर हवेतच.

आणखी एक. एका टेबलावर दोन डीएचटी११ शेजारी ठेवा. एक २६ दाखवेल, दुसरा २९. मुलं विचारतात, बरोबर कुठला? डेटाशीट उघडायला लावा: अधिक-उणे २ अंश. म्हणजे दोघेही नियमात बसतात. मग डीएचटी२२ आणा, अधिक-उणे अर्धा अंश. तोच सेन्सर बोर्डाला चिकटवून बघा, नंतर लांब तारेवर बघा. बोर्ड तापतो आणि आकडा वर सरकतो. "खोलीचं तापमान" म्हणून आपण बऱ्याचदा रेग्युलेटरचं तापमान छापत असतो. हे दोन वर्गांत झालं नाही, तर पुढे जाळ्यात फिरणार ते सगळे आकडे कागदी.

पोर्ट_१८८३

ब्रोकर वर्गातलाच. एखाद्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर मॉस्किटो हा ब्रोकर प्रोग्रॅम टाका, इंटरनेट नसलेला वेगळा राउटर लावा. संस्थेच्या वायफायवर जायच्या फंदात पडू नका. तिथे लॉगिनचं वेबपान असतं, नाहीतर एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा चालू ठेवा, साध्या ईएसपी३२ला ५ दिसतच नाही.

मॉस्किटो २.० पासून एक बदल आहे. काहीच न सांगता चालू केला तर तो फक्त त्याच मशिनवरच्या प्रोग्रॅमशी बोलतो. कॉन्फिग फाइलमध्ये लिसनर आणि पोर्ट लिहावा लागतो, पासवर्ड फाइल द्यावी लागते. जुन्या व्हिडिओंत हे नाही, त्यामुळे "कनेक्शन नाकारलं" बघून लोक राउटरला शिव्या घालतात.

आता मुख्य मुद्दा. नमुना कोड सगळ्यांना वाटलात की पहिल्या तासात एक तमाशा होणार, तो होऊ द्या. कोडमध्ये क्लायंट आयडी लिहिलेला असतो, सगळे गट तो जसाच्या तसा उतरवतात. एमक्यूटीटीचा नियम असा की एकाच आयडीचा दुसरा क्लायंट आला की ब्रोकर पहिल्याला काढून टाकतो. पहिला लगेच पुन्हा जोडतो, दुसरा बाहेर. प्रत्येकाच्या मॉनिटरवर जोडलं-तुटलं, जोडलं-तुटलं. एकटा गट असला की अगदी नीट चालतं, म्हणून प्रत्येकाला वाटतं की दोष दुसऱ्याचा. ब्रोकरचा लॉग पडद्यावर मोठा करून दाखवा, तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. मग आयडी बोर्डाच्या मॅक पत्त्यावरून (प्रत्येक बोर्डाचा वेगळा हार्डवेअर क्रमांक) बनवायला लावा. "प्रत्येक उपकरणाला स्वतःची ओळख हवी" हे फळ्यावर लिहून जेवढं पोचत नाही तेवढं या गोंधळातून पोचतं.

तारेवरचीताई, तुम्ही भांडणाचं म्हणालात, त्यात एक विषय घाला: नोड गप्प असेल तर त्याचा अर्थ काय? दार बंद आहे म्हणून गप्प, की बॅटरी संपली म्हणून? एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी बनवला तो तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला. दुवा महाग आणि बेभरवशाचा, म्हणून या प्रश्नाची सोय मुळातच आहे. जोडताना नोड ब्रोकरकडे लास्ट विल ठेवतो: मी न सांगता गेलो तर या टॉपिकवर "ऑफलाइन" लिही. नोडची यूएसबी उपटा आणि घड्याळ लावून बघा. लगेच काही होत नाही. कीप-अलाइव्हच्या (नोडने निदान एवढ्या काळात एकदा हजेरी द्यायची) दीडपट वेळ ब्रोकर थांबतो. पबसबक्लायंट या एमक्यूटीटी लायब्ररीत तो काळ मुळात १५ सेकंदांचा, म्हणजे २२-२३ सेकंद घर मेलेल्या नोडला जिवंत समजत असतं. आणि नोड नीट डिस्कनेक्ट होऊन गेला तर विल प्रसिद्धच होत नाही, हेही करून दाखवा.

रिटेन्ड मेसेजचं (टॉपिकवरचा शेवटचा संदेश, जो ब्रोकर जपून ठेवतो) उलटं. तापमान रिटेन करून ठेवलं की नवा डॅशबोर्ड उघडताच शेवटचा आकडा मिळतो, सोयीचं. पण तो आकडा कालचा असू शकतो आणि तो तसा दिसत नाही. आज्ञा तर रिटेन करूच नका. बोर्ड रीसेट झाला की जुनी "पंखा चालू" पुन्हा मिळते आणि पंखा आपोआप फिरायला लागतो. स्थिती रिटेन, घटना नाही.

शंकासूर

माझं मत लोकांना आवडत नाही, तरी लिहितो. ईएसपीहोम वापरा. दहा ओळींच्या फाइलीत सेन्सर होम असिस्टंट या स्मार्ट घराच्या प्रोग्रॅममध्ये दिसतो. मुलांना तासाभरात चालतं घर दिसलं तर उत्साह टिकतो. वर तुम्ही सांगितलेले निम्मे प्रश्न तिथे आधीच सुटलेले आहेत: पुन्हा जोडणं, ऑफलाइनची नोंद, वायरलेसवरून अपडेट. चाक पुन्हा पुन्हा कशाला घडवायचं?

पोर्ट_१८८३

@शंकासूर, स्वतःचं घर चालवायचं असेल तर शंभर टक्के सहमत. माझ्या घरी तेच आहे. पण सुटलेले प्रश्न दिसत नाहीत, हीच तर अडचण. पुन्हा जोडण्याचा कोड मुलांना एकदा तरी हाताने लिहू द्या. त्यात पाच सेकंदांचा डिले टाकून सगळा बोर्ड अडकवून ठेवू द्या, त्या पाच सेकंदांत दार उघडलेलं कळलं नाही हे बघू द्या. शेवटच्या आठवड्यात ईएसपीहोम दाखवा. तोवर ती फाइल वाचून त्यांना प्रत्येक ओळीमागे काय चाललंय ते कळेल.

शंकासूर

शेवटच्या आठवड्यात नको, मध्यात. नाहीतर ते "आधी का नाही सांगितलंत" म्हणणार. :) बाकी मान्य.

बाराखडी

एक बाळबोध प्रश्न. टॉपिकची नावं मराठीत ठेवली तर चालतात का? "घर/बैठक/तापमान" असं. मुलांना आवडेल.

पोर्ट_१८८३

बाळबोध अजिबात नाही. एमक्यूटीटीचे टॉपिक यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या बाइटांत लिहायची पद्धत) असतात, त्यामुळे बिनदिक्कत चालतात. दोन गोष्टी सांभाळा. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. तुमचा हा टॉपिक ३८ बाइटांचा झाला. पबसबक्लायंटचं पॅकेट मुळात २५६ बाइटांचं. संदेशातही मराठी शब्द भरले की ते बघता बघता भरतं आणि पब्लिश नुसतं फॉल्स परत देतं. ते तपासलं नाही तर आकडा कुठे गेला ते कळत नाही. बफर वाढवता येतो, पण आधी भरू द्या.

दुसरं, ब्रोकर अक्षरं बघत नाही, बाइट बघतो. एकाने "स्वयंपाकघर" लिहिलं आणि दुसऱ्याने तेच कुठून तरी चिकटवलं, आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत आला, की डोळ्यांना दोन्ही सारखे आणि ब्रोकरच्या लेखी दोन वेगळ्या खोल्या. नावं एका सामायिक फाइलीत ठेवा आणि तिथूनच घ्या.

बाराखडी

हे म्हणजे टंकलेखनाचे जुने भोग इथेही. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

ओहमशांती

बॅटरीचं कुणीच बोललं नाही. घाट जरूर घाला, पण आधी कागदावर. दर ५ मिनिटांनी उठणारा नोड धरा. उठून वायफायला जोडून आकडा पाठवून झोपायला ५ सेकंद, सरासरी ८० मिलीअँपिअर. एका उठण्याला ४०० मिलीअँपिअर-सेकंद, तासाला १२ वेळा म्हणजे ४,८००, म्हणजे १.३३ मिलीअँपिअर-तास. दिवसाला ३२. मग २,००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी दोन महिने जायला हवी. चिपचा डीप स्लीप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास, तो धरायचीही गरज नाही.

प्रत्यक्षात ती दोन आठवडेही जात नाही. कारण झोपते ती चिप, बोर्ड नाही. बऱ्याच बोर्डांवर एएमएस१११७ रेग्युलेटर असतो, तो काही न करता साधारण ५ मिलीअँपिअर खातो. दिवसाला १२०. वरचे ३२ मिळवा, १५२. दोन हजार भागिले १५२, तेरा दिवस. लाल पॉवर एलईडी आणि यूएसबीची चिप यांचा वाटा मी धरलेलाच नाही.

आता मुलांना विचारा, काय कराल? सगळे म्हणतात, दर १५ मिनिटांनी उठवू. करा हिशोब: ३२ चे पावणेअकरा झाले, एकूण १३१, पंधरा दिवस. तिप्पट आळशी नोड आणि दोनच दिवसांची कमाई. खर्च कुठे आहे ते न मोजता काटकसर केली की असं होतं. मल्टिमीटर मालिकेत लावून झोपेतला करंट मोजायला लावा, हा एक पूर्ण वर्ग आहे. मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर असताना बोर्ड जागा झाला तर मीटरवरच्या व्होल्टेज घटीने तो रीसेट होतो, तेवढं बघा.

राउटर टाळून ईएसपी-नाऊ (बोर्डाकडून बोर्डाकडे थेट संदेश) वापरलं तर जागं राहण्याचा काळ सेकंदाच्या अंशावर येतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीत संदेश २५० बाइटांपर्यंत आणि ऐकणारा त्याच चॅनेलवर हवा. पण ते हुशार गटासाठी.

कडीकुलूप

उशिरा आलो. वायफायचा पासवर्ड कोडमध्ये लिहून तो कोड इंटरनेटवर टाकण्याची सवय पहिल्या दिवशीच मोडा. वेगळी फाइल, ती शेअर करायची नाही. २०१६ चं मिराई प्रकरण सांगा: कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातल्याच नाव-पासवर्डांवर चालू होते, साठेक जोड्यांची यादी घेऊन तो प्रोग्रॅम दारोदार फिरला. कुलूप फोडावं लागलंच नाही. त्यानंतर ब्रोकरच्या मशिनवर वायरशार्क (जाळ्यावरची वाहतूक उघडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावून एमक्यूटीटीच्या साध्या पोर्टवरची, म्हणजे १८८३ वरची, वाहतूक दाखवा. मुलांनी स्वतः ठेवलेला पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. ८८८३ हा पोर्ट आणि टीएलएस (संदेश सांकेतिक करून पाठवणं) का, हे मग सांगावं लागत नाही.

आणि एक प्रश्न विचारायचा, उत्तर न देता. आठवडाभराचा पीआयआर आणि दाराचा लॉग छापून दुसऱ्या तुकडीला द्या. नावं नाहीत, नुसत्या वेळा. वर्गात उशिरा कोण येतं, खोली रिकामी कधी असते, हे ते किती लवकर ओळखतात बघा. आपण दिव्यासाठी लावलेला सेन्सर अजून काय काय सांगतो, हे त्यांच्याच आकड्यांतून दिसलेलं बरं.

तसंच पीआयआर माणूस बघत नाही, उष्णतेतला बदल बघतो. स्तब्ध बसून वाचणारा त्याच्या लेखी नसतोच. "हालचाल नाही" हा टॉपिक "खोलीत कुणी नाही" अशा नावाने कुणी बनवला तर भांडण लावून द्या.

तारेवरची_कसरत

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बदललेला बेत: सुरुवातीला वायफाय नाही, नुसते आकडे आणि डेटाशीट. मग वर्गातला ब्रोकर आणि क्लायंट आयडीचा तमाशा. मध्यावर ईएसपीहोम, शंकासूर यांच्या म्हणण्याप्रमाणे. बॅटरीचा हिशोब सगळ्यांना, बॅटरीचा नोड एकाच गटाला. दार आणि हालचाल यांच्या टॉपिकमागे "किती वेळापूर्वीचं" हे लावणं सक्तीचं करते आहे.

दोन शंका. इंटरनेट नाही म्हटल्यावर वेळ कुठून आणायची? घड्याळ न लावलेला नोड १ जानेवारी १९७० दाखवणार. आणि परीक्षेत नोड बांधायला सांगण्याऐवजी चालता नोड बिघडवून द्यायचा विचार आहे. कसे बिघाड द्यावेत?

पोर्ट_१८८३

वेळ ब्रोकरच्या मशिनवर लावा, संदेश पोचला तेव्हाची. नोडने पाठवायचंच असेल तर बूट झाल्यापासूनचे सेकंद पाठवू दे. तो आकडा अचानक लहान झाला की नोड रीसेट झाला हे फुकटात कळतं.

खटपट्या

बिघाड असे द्या की लक्षणं नीट वाचली तर पत्ता लागेल. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सगळ्यांत गुणी. ८५ अंश आले तर सेन्सर जोडलेला आहे, पण मापन पूर्ण व्हायच्या आत वाचलंय किंवा मध्येच त्याची वीज गेली आहे, कारण चालू होताना त्याच्यात ८५च असतात. १२ बिटांच्या मापनाला ७५० मिलीसेकंद लागतात, तेवढं थांबणं कोडमधून काढून टाका, झाला बिघाड. उणे १२७ आले तर सेन्सर सापडतच नाही. मग ४.७ किलोओहमचा पुल-अप काढून ठेवा. दोन्ही आकडे चुकीचे, पण वेगळं सांगतात.

तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणाऱ्या बीएमई२८०च्या जागी बीएमपी२८० लावा. पत्ते तेच, दिसायला जवळपास तसाच, तापमान आणि दाब मिळतात, आर्द्रता नाही, कारण त्यात ती नसतेच. चिप आयडीचं रजिस्टर वाचलं तर हेक्स ६० ऐवजी ५८ येतं. हा मात्र अवघड आहे, वरच्या गुणांसाठी ठेवा.

तारा सैल करून देऊ नका. त्यात नशिबाची परीक्षा होते.

तारेवरची_कसरत

बीएमपीचा लगेच उचलला. शेवटचं: ५ व्होल्टच्या पंख्याला रिले मॉड्यूल बरं की ट्रान्झिस्टर?

ओहमशांती

ट्रान्झिस्टर: गेटला ३.३ व्होल्ट मिळाले की पूर्ण चालू होणारा एन-चॅनेल मॉस्फेट, गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम आणि पंख्याला उलटा डायोड. पंख्याची वीज बोर्डाच्या ३.३च्या पिनेवरून घेऊ नका, ग्राउंड मात्र एक ठेवा. रिले मॉड्यूल बरेचदा लो सिग्नलवर चालू होणारे असतात, त्यामुळे बोर्ड बूट होताना पंखा क्षणभर फिरतो.